आपला शेजारी समुद्र : वेंगुर्ले ते विजयदुर्ग

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात ताप-खोकल्याच्या जोडीने एक निराळाच प्रश्न येऊ लागतो. "डॉक्टर, मुलांना घेऊन समुद्रावर जायचे आहे, कुठे जावे?" विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा गोवा आधीच ठरलेला असतो. गोव्याचे सौंदर्य वादातीत आहे आणि आम्हा बेळगावकरांचे तर ते आजोळच. परंतु बेळगावचा जुना, घरोब्याचा समुद्र कोणता असे मला कोणी विचारले, तर मी वेंगुर्ल्याचे नाव घेईन.

हे केवळ आवडीने म्हणत नाही, त्याला इतिहासाचा आधार आहे. इंग्रजी अमदानीत बेळगावच्या छावणीला लागणारा माल वेंगुर्ले बंदरात उतरत असे आणि रामघाटाच्या अवघड वाटेने वर चढत असे. पुढे १८६० च्या दशकाच्या अखेरीस आंबोलीजवळून पारपोलीचा गाडीरस्ता झाला आणि वेंगुर्ले-बेळगाव हा व्यापाराचा राजमार्ग बनला. १८८० च्या दशकात मुरगाव बंदर लोहमार्गाने घाटमाथ्याशी जोडले गेले, तेव्हा वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला आणि आपले बंदर आपल्या विस्मरणात गेले. नाते मात्र तुटलेले नाही. सावंतवाडी-दोडामार्गाकडचे रुग्ण आजही घाट चढून बेळगावला येतात. त्यांचा मुलूख आपण किती पाहिला आहे, हा प्रश्न आपण स्वतःला विचारून पाहावा.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्याच्या किनाऱ्यावरील काही निवडक स्थळांची ओळख आणि त्या समुद्राशी कसे वागावे याविषयी चार शब्द, असा या लेखाचा हेतू आहे.

घाट उतरताना

बेळगावहून शिनोळी, पाटणे फाटा या मार्गाने निघाले की आंबोली लागते. वेंगुर्ल्यापर्यंतचे सारे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटरचे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरील आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. बहुतेक प्रवासी धबधब्याखाली भिजून पुढे जातात. तथापि, हिरण्यकेशीच्या उगमाशी अर्धा तास अवश्य थांबावे. येथील गुहेतून निघणारी ही नदी समुद्राकडे न जाता पूर्वेकडे वळते आणि आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत आपल्याच जिल्ह्यात घटप्रभेला मिळते. म्हणजे आंबोलीच्या पावसाचा एक वाटा आपल्याही पदरात पडतो. याच उगमाच्या कुंडात सापडलेल्या एका चिमुकल्या माशाचे शास्त्रीय वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला हिरण्यकेशीचेच नाव मिळाले आणि २०२१ मध्ये हा परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. कुंडात साबण-शाम्पू वापरू नये एवढे मुलांना सांगितले, तरी निसर्गशास्त्राचा एक धडा पुरा होईल.

वळणांच्या घाटात ज्या मुलांना उलट्या होतात त्यांना रिकाम्या पोटी आणू नये, पोटभर खाऊ घालूनही आणू नये. हलकी न्याहारी द्यावी आणि समोरचा रस्ता दिसेल असे बसवावे. पुस्तक आणि मोबाइल दोन्ही घाट संपेपर्यंत पिशवीत राहू द्यावेत.

सावंतवाडी : लाकडातले रंग

घाट उतरून आल्यावर मोती तलावाच्या काठचे हे संस्थानी गाव मनाला विसावा देते. राजवाड्यात गंजिफा रंगविण्याची कला आजही जिवंत आहे. दशावतारी गंजिफाच्या संचात दहा अवतारांच्या प्रत्येकी बारा अशा एकशे वीस गोल पानांचा समावेश असतो. ही कला लोप पावण्याच्या मार्गावर असताना राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती जाणीवपूर्वक वाचविली. चितारआळीतील लाकडी फळे, भाज्या आणि खेळणी तर महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहेत. मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरविणाऱ्या मुलाच्या हाती लाकडी भोवरा देऊन पाहावा. हाताची बोटे, डोळे आणि मन एकत्र काम करू लागतात. मात्र दोन-तीन वर्षांच्या आतील मुलांसाठी सुटे बारीक भाग नसलेलेच खेळणे निवडावे, कारण या वयात वस्तूची पहिली परीक्षा तोंडातच होते.

वेंगुर्ले, आरवली, शिरोडा

वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांनी वखार घातली होती. तिचे भग्न अवशेष आजही उभे आहेत. दीपगृहाच्या टेकडीवरून समोर समुद्रात खडकांचा एक समूह दिसतो, तेच वेंगुर्ले रॉक्स. तेथील गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. खालच्या बंदरावर सायंकाळी होड्या परततात, तो लिलाव मुलांना अवश्य दाखवावा. ज्यांना शेतीबागायतीत रस आहे त्यांनी येथील फळ संशोधन केंद्राची चौकशी करावी. 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' या काजूच्या जाती याच केंद्राने दिलेल्या आहेत. जवळच्या वायंगणीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालावयास येतात. ग्रामस्थ त्यांची राखण करतात आणि पिल्ले समुद्राकडे निघताना पाहण्याचा योग साधला तर मुले तो जन्मभर विसरत नाहीत. पिल्लांना हात लावू नये आणि त्यांच्यावर प्रकाशझोत टाकू नये, हे आधी समजावून सांगावे.

वेंगुर्ल्याच्या दक्षिणेस आरवलीचा वेतोबा आहे. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो, त्यामुळे त्याची पायताणे झिजतात, अशी श्रद्धा असल्याने भक्त त्याला नवसाच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. श्रद्धेचे हे घरगुती रूप मोठे लोभस आहे. पुढे शिरोडा. सुरूच्या बनामागचा येथील विस्तीर्ण किनारा सुंदर आहेच, पण या गावाचे खरे वैभव निराळे. मे १९३० मध्ये येथील मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. येथील शाळेत वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे अध्यापन केले. ज्ञानपीठ पुरस्कार पुढे १९७४ साठी 'ययाति'ला मिळाला, पण लेखक म्हणून खांडेकर घडले ते या खाऱ्या वाऱ्यात. ही साहित्याची माती पुढेही कसदार राहिली. कवी मंगेश पाडगावकरांचा जन्म १९२९ मध्ये वेंगुर्ल्याचा, तर चिं. त्र्यं. खानोलकर म्हणजेच आरती प्रभू हेही याच तालुक्याचे.

देवबाग ते मालवण

वेंगुर्ल्याहून उत्तरेस निवती आणि भोगवे हे अजूनही निवांत राहिलेले किनारे आहेत. भोगव्याच्या पलीकडे कर्ली नदी समुद्राला मिळते आणि तिच्या पैलतीरावर देवबाग दिसते. एका बाजूस नदी, दुसऱ्या बाजूस समुद्र आणि मध्ये माडांनी भरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. सकाळच्या वेळी खाडीतून होडीने फिरताना खारफुटी, बगळे, खंड्या आणि नशिबाने संगमाबाहेर डॉल्फिनही दिसतात. पुढे तारकर्लीचे पाणी हिवाळ्यात इतके नितळ असते की उभ्या माणसाला पायाखालची वाळू दिसावी.

मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. १९८७ मध्ये येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. पाण्यात तोंड घालून प्रवाळ पाहण्याची किंवा प्रशिक्षकाबरोबर खाली बुडी मारण्याची सोय आता उपलब्ध आहे. प्रवाळ म्हणजे दगड नव्हेत. ते सजीवांचे वर्षानुवर्षे रचले गेलेले घर आहे, त्यावर पाय ठेवू नये, तुकडा तोडू नये. ज्यांना दमा, कानाचा आजार, हृदयविकार किंवा अपस्माराचा त्रास आहे त्यांनी बुडी मारण्याचा मोह टाळावा. सर्दीने कान दाटलेल्या मुलाला तर 'आता आलोच आहोत' म्हणून पाण्याखाली कदापि उतरवू नये.

किनाऱ्यावर पहाटे रापण ओढणारी माणसे भेटली तर मुलांना त्या दोराला हात लावू द्यावा. शेकडो हात लांबीचे ते जाळे सारा गाव मिळून ओढतो आणि ओढणाऱ्या प्रत्येकाला मिळालेल्या माशांत वाटा असतो. सहकाराचा याहून सोपा पाठ पुस्तकात सापडणार नाही.

सिंधुदुर्ग

मालवणच्या धक्क्यावरून होडीने पाव तासात कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग गाठता येतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवछत्रपतींनी या दुर्गाची मुहूर्तमेढ रोवली आणि तीन वर्षांत, १६६७ मध्ये, तो उभा राहिला. बांधकामाची धुरा हिरोजी इंदुलकरांनी वाहिली. सुमारे ४८ एकरांचे बेट आणि त्याभोवती नागमोडी वळणे घेत जाणारा सुमारे तीन किलोमीटरचा तट! महाद्वार तटाच्या वळणात असे लपविलेले आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत ते दृष्टीस पडत नाही. आत छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील शिवराजेश्वराचे मंदिर आहे. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा म्हणून जपलेला चुन्यातील ठसा येथे आहे. चहूबाजूंनी खारे पाणी असूनही दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे.

जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला. त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. वेफर्सची रिकामी पाकिटे तटावर उडताना पाहिली की या गौरवाला आपण किती पात्र आहोत असे मनात येते.

मालवणला दोन दिवस मिळाले तर एक दिवस आतल्या भागासाठी ठेवावा. विजयनगरच्या काळात, १५३० मध्ये, नागेश देसाई यांनी बांधलेला धामापूरचा तलाव आजही पाणी देतो आहे. २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान्यता मिळाली. कुडोपीच्या सड्यावर आदिमानवाने जांभ्या कातळात कोरलेली चित्रे आहेत. कोकणातील ज्या कातळशिल्पांची नोंद २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाली, त्यांत कुडोपी आहे. जत्रांच्या हंगामात गावात दशावताराचा खेळ असेल तर रात्री थोडे जागरण व्हायला हरकत नाही. बालरोगतज्ज्ञाची त्याला परवानगी आहे!

देवगड आणि विजयदुर्ग

देवगडचा हापूस सर्वांना ठाऊक आहे. तो कातळावर पिकतो हे तेथे गेल्यावर उमगते. जांभ्याच्या सड्यात खड्डे पाडून त्यांत बाहेरची माती भरून लावलेल्या या बागा म्हणजे माणसाच्या जिद्दीचे दर्शन आहे. जवळच अगदी लाटांच्या काठी कुणकेश्वराचे देवालय आहे. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते.

त्याही पुढे वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग आहे. शिलाहारांच्या काळातील हा दुर्ग महाराजांनी १६५३ च्या सुमारास आदिलशाहीकडून घेतला. पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचे बलस्थान झाला आणि १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या आरमाराने तो जिंकला. या मोहिमेत पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूने होते, हा आपल्या इतिहासातील बोचरा भाग.

विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवितात आणि हेलियमचा शोध लॉकियर यांनी १८६८ मध्ये येथूनच लावला असे सांगतात. ही कथा थोडी दुरुस्त करून घ्यावी लागेल. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा दख्खनवरून गेला हे खरे. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि आपल्याजवळच्या जमखंडीत लेफ्टनंट हर्शेल दुर्बीण लावून बसले होते. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाविना सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट मिळविला, आणि त्यांतील अनोळखी पिवळ्या रेषेवरून हेलियमची कल्पना पुढे आली. विजयदुर्गास ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्याआधी तीन वर्षे, १८९५ मध्ये, रॅमसे यांनी हेलियम पृथ्वीवरच मिळविला होता. या दुरुस्तीने विजयदुर्गाचे महत्त्व कमी होत नाही. आपल्या रुग्णालयांतील एमआरआय यंत्राचा चुंबक ज्या द्रवरूप हेलियमने थंड राहतो, श्वासनलिका अरुंद झालेल्या बालकाला प्राणवायूत मिसळून जो कधीकधी दिला जातो, त्या वायूच्या शोधकर्त्याने या तटावर आपली उपकरणे मांडली होती, हे काय थोडे झाले?

समुद्राशी वागताना

आता जे सांगावयाचे ते या साऱ्या सौंदर्याइतकेच महत्त्वाचे आहे. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला गेलेल्या आठ जणांचा बुडून मृत्यू झाला. आपल्या गावाने तो दिवस पाहिला आहे. ते दिवस पावसाळ्याचे नव्हते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचे प्राण गेले. आपण घाटमाथ्यावरची माणसे. नदी-विहिरीचे पोहणे आपल्याला येत असेल, पण समुद्र ही वेगळी विद्या आहे.

लाटांबरोबर किनाऱ्यावर चढलेले पाणी परत जाताना वाळूतील एखाद्या खोलगट भागातून ओढ्यासारखे वेगाने समुद्राकडे वाहते. त्या पट्ट्यात लाटा फारशा फुटत नाहीत, म्हणून अनोळखी माणसाला तीच जागा सर्वांत शांत वाटते आणि तो नेमका तेथेच उतरतो. या ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. दम संपतो आणि माणूस बुडतो. तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडावे. दुसरा बुडत असेल तर हात धरायला मागोमाग धावू नये, दोर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावे. साखळी करून वाचवायला गेलेलेच अनेकदा बुडतात. नदीच्या संगमाशी, ओहोटीच्या वेळी आणि अंधार पडल्यावर पाण्यात उतरूच नये. स्थानिक कोळी बांधवाने "इथे नको" म्हटले, तर त्याचा शब्द तज्ज्ञाच्या अभिप्रायासारखा मानावा.

पालकांना माझे विशेष सांगणे हे की बुडणारे मूल ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याखाली-वर होत असते, ओरडायला श्वासच नसतो. म्हणून लहान मूल पाण्यात असताना एका प्रौढाने हाताच्या अंतरावर राहावे आणि त्या प्रौढाच्या हाती मोबाइल नसावा. 'सगळे लक्ष ठेवत आहेत' याचा अर्थ पुष्कळदा कोणीच लक्ष ठेवत नाही असा होतो. होडीत मुलाला त्याच्याच मापाचे जाकीट घालावे आणि त्याचे पट्टे स्वतः तपासावेत. मोठ्यांचे जाकीट लहानग्याच्या डोक्यावरून निसटते.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे, हे प्रकार अजूनही चालतात. ते करू नयेत. श्वास चालत नसेल तर प्रथम तोंडाने श्वास द्यावेत, मग छातीवर दाब आणि श्वास असे चक्र चालू ठेवावे, आणि कोणीतरी १०८ ला दूरध्वनी करावा. आपण वैद्यकातील मंडळी हे जाणतोच, परंतु आपल्या गाडीतील प्रत्येक प्रौढाला ते येते का, हे निघण्यापूर्वी पाहावे. पाणी गिळलेले मूल शुद्धीवर असले तरी खोकला, धाप किंवा अनावर झोप असल्यास त्याला रुग्णालयात काही तास निरीक्षणाखाली ठेवणे आवश्यक आहे.

केव्हा जावे, कसे जावे

ऑक्टोबरअखेर ते मार्च हा उत्तम काळ. एप्रिल-मे मध्ये आंबे मिळतात, पण ऊन कडक असते. तेव्हा मुलांना सकाळी दहाच्या आत आणि सायंकाळी चारनंतरच वाळूवर न्यावे, टोपी आणि भरपूर पाणी जवळ असावे, क्षारसंजीवनीची पाकिटे विसरू नयेत. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि १ जूनपासून दोन महिने मासेमारीलाही बंदी असते. तेव्हा आंबोली पाहावी, समुद्र दुरून पाहावा. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावाचून कोळी समुद्रात जात नाही, या रीतीत पिढ्यांचे शहाणपण आहे.

मुक्काम शक्यतो एखाद्या घरगुती निवासात करावा. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, सोलकढी, घावन आणि शाकाहारी मंडळींसाठी काळ्या वाटाण्याची आमटी हे सारे तेथे मायेने मिळते, आणि आपला पैसाही त्या गावातच राहतो. दोन दिवस असतील तर सावंतवाडी-वेंगुर्ले-शिरोडा एवढेच करावे. तीन-चार दिवस असतील तर मालवण जोडावे. विजयदुर्ग-देवगडसाठी स्वतंत्र फेरी ठेवावी. एका दिवसात पाच किनारे 'उरकणारी' सहल मुलांना थकवा आणि मोठ्यांना छायाचित्रे देते, त्यापलीकडे फारसे काही देत नाही.

आपल्या पणजोबांच्या काळी ज्या बंदरातून बेळगावला माल येत होता, त्या बंदरावर आपली नातवंडे वाळूचे किल्ले बांधतील, तेव्हा हा शेजार पुन्हा जुळेल. समुद्र पाहावयास अवश्य जावे, पण त्याची मर्यादा राखावी. गेलो तितके सारे जण सुखरूप घाट चढून परत यावेत, एवढीच या बालरोगतज्ज्ञाची इच्छा.